किकरीला पाच मिनिटं पुरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकात पान पाचवर आमच्या किनवट तालुक्यातल्या एका गावच्या कार्यक्रमाची बातमी आपण छापलीत. आडबाजूच्या गावाची दखल घेतली म्हणून आधी आभार मानतो. बातमी अकरा ओळींची आहे. तिच्यात सात पाहुण्यांची नावं आहेत, सूत्रसंचालन कोणी केलं ते आहे, आभार कोणी मानले तेही आहे. ज्यांनी रात्रभर वाजवलं आणि गायलं, त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे, ‘यावेळी आदिवासी बांधवांनी पारंपरिक कला सादर केली.’ कोणती कला, कोणतं वाद्य, कोणी वाजवलं, यातलं काही नाही. त्या रात्री साउंड माझा होता. संध्याकाळी पाचपासून पहाटेपर्यंत मी तिथं होतो, म्हणून हे पत्र लिहितो, आणि मुख्य म्हणजे तिथं ऐकलेल्या किकरी या तारवाद्याबद्दल लिहितो.

मी इस्लापूर भागात ३१ वर्षं मंडप आणि साउंडचा धंदा करतो. लग्न, सप्ताह, सभा, जयंत्या, सगळीकडं माझे बॉक्स असतात. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, त्यामुळं कानाला थोडी शिस्त आहे. मी स्वतः आदिवासी नाही आणि गोंडी मला समजत नाही. पण इतक्या वर्षांत या भागातल्या जवळजवळ प्रत्येक ‘सांस्कृतिक कार्यक्रमा’त मिक्सरवर मी बसलेलो आहे. तिथं काय होतं ते व्यासपीठावरच्या माणसांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

हा कार्यक्रम कोणी वरून दिलेला नव्हता. गोंड आणि कोलाम वस्तीच्या लोकांनी घरटी दोनशे रुपये आणि पायलीभर ज्वारी काढली. ज्यांच्याकडं पैसे नव्हते त्यांनी लाकडं आणली, पत्रावळी लावल्या. पौष अमावास्येला हद्दीपलीकडं तेलंगणातल्या केसलापूरला गोंडांच्या नागोबाची जत्रा भरते. त्या धावपळीत पाहुण्यांना सवड मिळणार नाही, म्हणून त्याच्या आधीचा शनिवार धरला. उटनूरकडून सोयरे आले, पांढरकवड्याकडून कोलाम आले, कळमनुरीहून आंध जमातीच्या बायांचं एक पथक आलं. तीन जिल्हे आणि दोन राज्यं झाली, असं आपण म्हणू. त्यांच्या लेखी ते एकाच घरचं माणूस होतं. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यांची पुनर्रचना झाली, तालुका नांदेडला जोडला गेला, आणि मामा तिकडं, भाचे इकडं राहिले. सोयरीक मात्र सरकारला विचारून होत नाही, ती चालूच आहे.

मी सवयीनं स्टेजचं सामान टेम्पोत घालून नेलं होतं. वीस बाय चोवीसचं स्टेज, मागं पडदा, बाजूला पायऱ्या. गावपाटलांनी ते उतरवूच दिलं नाही. म्हणाले, “ढेमसा फळ्यावर होत नाही, मातीवर होतो.” मला आधी वाटलं, भाडं वाचवायचं असेल. नंतर ढेमसा नाच सुरू झाला तेव्हा कळलं. बाया आणि बाप्ये एकमेकांच्या कमरेत हात घालून ओळ धरतात, ओळ वळत वळत गोल होते, आणि ढोलवाले त्या गोलाच्या मधोमध असतात. स्टेजवर बसवायचं तर गोल तोडून लोकांकडं तोंड करून एक सरळ रांग करावी लागते, आणि ढोल एका कोपऱ्यात जातो. आजवर माझ्या स्टेजवर मी जो ढेमसा पाहिला तो असा तोडलेलाच होता. पाय कोणत्या तालावर पडतो हे त्या रांगेतल्या शेवटच्या पोरीला ऐकूसुद्धा जात नसेल. इथं साठ-सत्तर माणसं त्या गोलात होती. मी दोन बांबू रोवले, मध्ये दोरी ताणली आणि वरून दोन माईक ढोलांच्या डोक्यावर सोडले. खाली केबल ठेवली नाही, कारण पायात आली असती.

थंडी सडकून होती. सूर्य गेला की दहिवर पडायला लागतं आणि चामडं ढिलं होतं. ढोलवाली पोरं दर अर्ध्या तासानं शेकोटीकडं जायची. ढोल विस्तवाजवळ आडवा धरायचा, तळहातानं पान चाचपायचं, बोटानं एक टिचकी मारायची, पुन्हा धरायचा. आवाज ‘धप्प’ होता तो ‘टण्ण’ झाला की उठायचं. एकदा एका पोरानं घाई केली, तर शेजारचा म्हातारा काही न बोलता त्याच्या हातातला ढोल घेऊन पुन्हा विस्तवापाशी बसला. माझे वडील पखवाजाला कणीक लावताना असेच गप्प असायचे. नगाऱ्यासारखं तुडुम होतं, आणि सनईच्या जातीचं पेपरे होतं. पेपरेवाल्यानं गाल फुगवले की श्वास तुटतच नाही. ते तर माईकपासून सात हात लांब ठेवलं तरी सगळ्यांच्या वर जात होतं.

आता मोरपिसांची गोष्ट सांगतो. आलेल्या पाहुण्यांपैकी एकांनी फोटोसाठी विचारलं, “ते मोरपिसांचे टोपवाले कुठं आहेत? त्यांना पुढं बोलवा.” त्यांच्या मनात घुसाडी होते. दिवाळीच्या आधी गोंडांची नाचाची दंडारी निघते, पथकं गावोगाव मुक्काम करतात. घुसाडी अंगाला राख फासतात, डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप घालतात, खांद्यावर कातडं आणि हातात काठी घेऊन नाचतात. तो वेश पूजा करून चढवायचा आणि पूजा करून उतरवायचा. गावपाटील हात जोडून म्हणाले, “साहेब, ती पिसं दिवाळीला उतरवून ठेवली. आता पुढच्या दंडारीलाच.” पाहुण्यांनी पुन्हा आग्रह केला, पाटलांनी पुन्हा हात जोडले. टोप काही निघाला नाही. मला त्या माणसाचा फार आदर वाटला. आपल्याकडं कोणाच्या स्वागताला, कोणत्या उद्घाटनाला, पावसाळ्यात, उन्हाळ्यात, कधीही घुसाडी उभे केले जातात. आपण पंढरीची आषाढी वारी कोणाच्या स्वागताला माघात काढू का?

घुसाडीची कला मोठी आहे हे सरकारलाही मान्य आहे. मार्लवाईच्या कनका राजू यांना तिच्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. मार्लवाई हद्दीच्या पलीकडचं, आमच्या शेजारचंच. २०२४ च्या ऑक्टोबरात, ऐन दंडारीच्या दिवसांत ते गेले. त्या रात्री उटनूरकडच्या पाहुण्यांनी त्यांचं नाव घेतलं तेव्हा ढोलवाल्यांनी आपणहून हात थांबवले. आपल्या बातमीत हे यायला हवं होतं.

पलीकडच्या पोरांनी गोंड पुढारी कुमराम भीम यांच्यावरचं गाणं म्हटलं. निजामाच्या अमलात जंगल-जमिनीच्या हक्कासाठी ते उभे राहिले आणि १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीनं गेले. आपण मराठवाडावाले दर १७ सप्टेंबरला निजामाविरुद्धच्या लढ्याची आठवण काढतो. त्या भाषणांना तीस वर्षं साउंड माझाच असतो, आणि हे नाव त्यात मी क्वचितच ऐकलं. जोडेघाट आमच्यापासून फार लांब नाही.

कोलामांनी ढोल आणि बासरी वाजवली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना सरकार विशेष दुर्बल म्हणतं. कोलामी ही वेगळीच भाषा आहे, २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वा लाखाच्या आसपास होते. एवढी माणसं तर आमच्याकडं एका मोठ्या जत्रेला येतात. आंध बायांची गाणी मराठीत होती, त्यामुळं मला पुरती समजली. एकीनं सासरच्या वाटेवरच्या पळसाला उद्देशून गायलं, आणि माझ्यासोबत आलेला हेल्पर, लग्न होऊन महिना झालेला पोरगा, केबल गुंडाळायची विसरून उभाच राहिला.

पण मला मुख्य सांगायचंय ते किकरीबद्दल.

किकरी हे पाटाडींचं वाद्य. पाटाडी म्हणजे परधान, गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा सांगणारे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी गोंडांची कुळं, ज्याची त्याची कथा वेगळी, आणि ती पाटाडीच्या मुखात. लिहिलेलं काही नाही. आमच्या बाजूचे परधान घरात मराठी बोलतात, आपल्यासारखीच. पण देवाची कथा सुरू झाली की गोंडीत. म्हणजे घरची बोली एक आणि ज्या भाषेत सगळा वारसा ठेवलाय ती दुसरी. दोन्ही सांभाळायच्या.

त्या रात्रीचे पाटाडी बाबा सत्तरीच्या पुढचे. धोतर, डोक्याला फडकं, अंगावर नातवाचा शाळेचा स्वेटर. किकरी त्यांनी स्वतः केलेली. तीन तारा, पोटाला चामडं, आणि केसांचा गज. सव्वानऊला ते बसले. मी नेहमीप्रमाणं तोंडापुढं माईक दिला. आवाज आला, किकरी गेली. दुसरा माईक किकरीला दिला तर बॉक्स शिट्टी मारायला लागला. मग एकच माईक ठेवला, किकरीच्या पोटापासून दीड वीत, तोंड जरा वर. ट्रेबल खाली आणला. बाबांनी दोनदा गज फिरवला आणि थांबले. म्हणाले, “लेकरा, त्या पेटीतून आवाज दोनदा येतो. मी तर एकदाच म्हणलो.” एको चालू राहिला होता. सभेच्या सवयीनं तो बटण माझ्याकडं कायम चालू असतो. बंद केला. पुन्हा गज फिरवला, मान हलवली. तरी जनरेटरची घरघर होती. ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळं वस्तीत तीन दिवस लाईट नव्हती. जनरेटर मी शाळेच्या मागं, दीडशे हात लांब खड्ड्यात ठेवला होता, पण किकरीचा स्वर इतका बारीक की ती घरघर त्याच्या अंगावर येत होती.

मी त्यांना विचारलं, “बाबा, किती वेळ लागेल?” मला दहाच्या आत साउंड बंद करायचा होता. कायद्यानं रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर चालत नाही, आणि तो कायदा मी पाळतो. बाबा म्हणाले, “रात्र किती हाय?”

दहा वाजता मी मिक्सर बंद केला. जनरेटरही बंद केला. मला वाटलं, आता लोक उठतील. कोणीही उठलं नाही. सगळे पुढं सरकले. तीनशे माणसांचा मोठा गोल पाच मिनिटांत लहान झाला, लेकरं पुढं, म्हाताऱ्या त्यांच्या मागं, बाप्ये कडेला. शेकोटीत दोन लाकडं सारली. आणि बाबांनी जो गज ओढला, तो मी पहिल्यांदा नुसत्या कानानं ऐकला. बॉक्समधून मला त्यातलं निम्मंसुद्धा ऐकू आलं नव्हतं. तारेवर केस घासला जातो तो खरखरीत भाग, त्याच्या खाली चामड्याचा घुमारा, आणि त्याच्याही खाली बाबांचा श्वास. ते एक ओळ म्हणायचे, किकरी तीच ओळ परत म्हणायची. जिथं त्यांचा आवाज पोचत नव्हता तिथं ते थांबायचे आणि किकरी एकटीच पुढं जायची.

माझ्या केबलच्या पेटीवर पाचवीतली एक मुलगी बसली होती. मला कळत नाही हे तिनं ओळखलं आणि हळू आवाजात सांगायला लागली. “आता देव गुहेत आहेत.” थोड्या वेळानं, “आता दारावर धोंडा आहे, मोठा.” मग बराच वेळ गप्प. मी विचारलं, आता काय? ती म्हणाली, “थांबा ना, अजून हलला नाही.” ती कथा पहिल्या पाटाडीची होती, हिरासुकाची. गुहेच्या तोंडावरची धोंड त्याच्या किकरीच्या स्वरानं हलते, अशी. आणि ती धोंड हलायला त्या रात्री अर्धा तास लागला. अर्धा तास तीन तारांवर एकच स्वर थोडाथोडा चढत होता, आणि तीनशे माणसं त्या धोंड्याला खांदा लावल्यासारखी पुढं झुकली होती. मुलगी म्हणाली, “हलला,” तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पुढं हिरासुका त्याच धोंड्याखाली सापडून मरतो. हे तिनं मला सांगितलं नाही, समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावले त्यावरून मी विचारलं.

संपादक साहेब, आता जे लिहितो ते लिहायला मला जड जातंय. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी असाच एक कार्यक्रम होता, मोठा, बॅनरवाला. त्यातही एक पाटाडी होते, दुसरे. त्यांना पाच मिनिटं दिली होती. त्यांनी किकरी जुळवली, नमन सुरू केलं. नमनात देवांची, नद्यांची, कुळांची नावं घ्यावी लागतात, ती घेतल्याशिवाय कथेत पाय टाकता येत नाही. पाच मिनिटं नमनातच गेली. सूत्रसंचालकांनी मला बोटानं खूण केली आणि मी आवाज खाली आणला. ते म्हणत राहिले. त्यांना समोर आवाज येत नव्हता, त्यांना वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून ते जास्त मोठ्यानं म्हणायला लागले. मग कोणीतरी शाल आणली. त्यांच्यानंतर रेकॉर्ड लावून पोरांचा डान्स झाला, त्याला आठ मिनिटं होती. त्यांचं नाव मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं. ते आता हयात आहेत की नाहीत तेही सांगता येत नाही, आणि त्यांची कथा कोणाजवळ आहे की त्यांच्याबरोबरच गेली, हेही सांगता येत नाही.

त्या दिवशी खूण करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात कागद होता, कागदावर वेळ होती. माझं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आणि १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती, हे दोन दिवस आता सगळीकडं साजरे होतात. चांगलंच आहे, आमच्यासारख्यांना कामही मिळतं. पण जे कोणी कार्यक्रम ठरवतात त्यांनी आधी पाटाडीला जाऊन विचारावं, तुम्हाला किती वेळ लागतो, कधी बसता, कुठं बसता. कथा रात्रीची असेल तर रात्री ठेवा. भाषणं संध्याकाळीच उरका. या गावानं पाहुण्यांना बजावलं होतं की आठच्या आत सगळ्यांनी बोलून घ्यायचं, आणि सगळ्यांनी ऐकलं. पाच मिनिटांचीच जागा असेल तर कथा मागू नका, किकरीवर एखादी चाल मागा, ते आनंदानं देतील.

आणि मानधन. ऑर्केस्ट्रावाल्याला आम्ही अर्धे पैसे आधी देतो, उरलेले सामान उतरवायच्या आधी. पाटाडीला शाल, नारळ आणि ‘बिल पाठवतो’. शालीनं एसटीचं भाडं निघत नाही. या गावानं पहाटे साडेतीनला, किकरी पिशवीत गेली तेव्हाच, बाबांच्या हातात पाकीट दिलं आणि वर दोन पायल्या ज्वारी. जुन्या पद्धतीत कुळाची माणसं पाटाडीला धान्य, गाय-वासरू देत असत. तो त्याचा हक्क होता, कोणी भीक घालत नव्हतं. तो हक्क आता कुळांकडून तुटत चाललाय, कारण कुळंच दोन एकर कोरडवाहूवर जगतात. मग जे कार्यक्रमाच्या नावानं खर्च करतात त्यांनी तो भरायला नको का?

बाबांना मी सकाळी चहा पिताना विचारलं, किकरी कोण शिकतंय? त्यांनी नातवाकडं पाहिलं. नातू चौदा वर्षांचा, लाजाळू. त्याला गज धरता येतो, दोन नमनं येतात. गोंडी समजते पण बोलताना अडतो, शाळा मराठी आहे. १९४३ साली मार्लवाईत गोंडीतून शिकवायची शाळा निघाली होती आणि तिची पुस्तकं देवनागरीत होती. ८० वर्षांपूर्वी जे जमलं होतं ते आज या बाजूला एका तासापुरतंही का जमू नये? आठवड्यातून एक दिवस पाटाडी बाबांना शाळेत बोलवा, त्यांना तासाचे पैसे द्या. त्या पाचवीतल्या मुलीला धोंडा कधी हलतो हे माहीत आहे. तिच्या वर्गातल्या आंधांच्या, मराठ्यांच्या, बंजाऱ्यांच्या पोरांनाही ते कळू द्या.

मी माझ्यापुरतं एक ठरवलंय. माझ्याकडं चांगलं रेकॉर्डिंगचं यंत्र आहे. बाबांनी होकार दिलाय, पण अट घातलीय की ज्या कुळाची कथा त्या कुळाच्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय ती मोबाईलवर फिरवायची नाही. मला ती अट मान्य आहे. जत्रेनंतर मी जाणार आहे, जनरेटर न घेता, बॅटरीवर.

आपल्याला विनंती एवढीच की अंकात दुरुस्ती छापावी. त्या रात्री वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या एकोणीस जणांची नावं, गावं आणि वाद्यं मी वेगळ्या कागदावर लिहून या पत्रासोबत जोडली आहेत. छापण्याआधी प्रत्येकाला विचारून घ्यावं, म्हणून फोन नंबरही दिले आहेत. बाबांकडं फोन नाही, नातवाचा नंबर त्यांच्या नावापुढं आहे. दिवसा ते घरचे सगळे कापूस वेचायला असतात. संध्याकाळी सातनंतर लावा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड